बिनसहीचा लेखक : बेळगावच्या सीमाभागात अग्रलेख कसा लिहिला जातो

बेळगावात सकाळी पेपर दारात पडला की घरातल्या प्रत्येकाचे पान ठरलेले असते. कुणी आधी निधनवार्ता बघतो, कुणी खेळाचे पान, कुणी तालुक्याच्या बातम्या. संपादकीय पान बहुधा घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याला येते, आणि तो माणूस ते रोज न चुकता वाचतो. त्या पानावरचा पहिला मोठा मजकूर म्हणजे अग्रलेख, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण तो लिहितो कोण, विषय कोण ठरवतो, चुकले तर कोर्टात कोण उभे राहते, हे वर्षानुवर्षे पेपर घेणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसते. सीमाभागात हे काम जरा जास्तच अवघड आहे, म्हणून ते सविस्तर सांगावेसे वाटते.

आधी साधा फरक. काय घडले ते बातमी सांगते. नावानिशी छापलेला लेख त्या लेखकाचे मत असते. अग्रलेख हे वृत्तपत्राचे स्वतःचे मत असते, म्हणूनच त्याखाली सही नसते. लिहिणारा उद्या नोकरी सोडून गेला तरी काल घेतलेली भूमिका पेपरचीच राहते. अग्रलेख साधारण सातशे ते हजार शब्दांचा असतो. त्याच्या खाली काही पेपर एखादे छोटे स्फुट देतात. त्यात दुय्यम विषय दोन-तीन परिच्छेदांत उरकला जातो.

पण नुसते मत असले की अग्रलेख झाला, असे होत नाही. मत चहाच्या टपरीवरही मिळते. आणि सीमाप्रश्नाबद्दलचा राग आमच्याकडे घरोघरी आहे, तो पेपरने पुरवायची गरज नाही. त्या रागातून मागणी काढणे हे अग्रलेखाचे काम आहे, असे मला काही वर्षे संपादकीय पानावर काढल्यानंतर ठामपणे वाटते. कुणी, काय, कोणत्या नियमाच्या आधारे आणि कधीपर्यंत करायला हवे, हे अग्रलेखाने सांगायला हवे. ते नसेल तर वाचताना छाती फुगते आणि दुपारपर्यंत सगळे विसरूनही होते.

बेळगावला अग्रलेखकार नवे नाहीत. लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना एप्रिल १९१६ मध्ये केली ती इथेच. त्याआधी १९०८ साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तल्या अग्रलेखांवरून त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि मंडालेला जावे लागले होते. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीत भरले. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते त्या एकाच अधिवेशनात, आणि तेव्हा ते 'यंग इंडिया' व 'नवजीवन'चे संपादकही होते. १९२९ साली बेळगावात मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते 'काळ'कर्ते शि. म. परांजपे, लिखाणापायी तुरुंगात जाऊन आलेले. आणि मे १९४६ मध्ये ज्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तेही बेळगावचेच. त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक. (बेळगावचा 'तरुण भारत' वेगळा. तो बाबुराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये सुरू केला. नाव एक, पेपर दोन, आणि नव्या वाचकांचा हा घोळ अजूनही होतो.) 'संयुक्त कर्नाटक' हे कन्नड वृत्तपत्रही आधी बेळगावातून निघाले आणि पुढे हुबळीला गेले. म्हणजे दोन्ही भाषांतली पत्रकारिता याच गल्ल्यांतून मोठी झाली आहे.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्या दिवसापासून इथल्या मराठी अग्रलेखकाराची अडचण सुरू झाली. त्याचा वाचक मराठीत विचार करतो, पण ज्या कचेरीत त्याचे काम अडते तिथला कागद कन्नडमध्ये असतो. वाचकाला सातारा-सांगलीच्या राजकारणात रस असतो, पण त्याचा आमदार बंगळूरला जातो. त्याच्या शेतातला ऊस कधी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्याला जातो, कधी चिकोडी-अथणी भागातल्या. लिहिणाऱ्याला एकाच वेळी दोन राज्यांचे अर्थसंकल्प, दोन विधिमंडळे आणि दोन प्रशासने माहीत असावी लागतात. पुण्यात शिकून आलेला तरुण उपसंपादक सवयीने 'जिल्हा परिषद' लिहितो. इथे जिल्हा पंचायत आहे. वीज महावितरणची नाही, हेस्कॉमची आहे. अशा चुका राहिल्या की तालुक्यातला वाचक समजून जातो की लिहिणाऱ्याला आपली कचेरी कधी दिसलेली नाही.

म्हणून मी स्पष्टच सांगतो, कन्नड वाचता न येणारा माणूस बेळगावात अग्रलेख लिहू शकेल, पण चांगला लिहू शकणार नाही. आदेश कन्नडमध्ये निघतात, विधानसभेतली चर्चा कन्नडमध्ये होते, आणि समोरची बाजू काय म्हणते ते 'प्रजावाणी'त किंवा 'विजय कर्नाटक'मध्ये वाचल्याशिवाय कळत नाही. त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच शब्दांत वाचला नसेल, तर आपण खोडून काढतो तो आपणच रचलेला असतो.

अग्रलेखकाराचा दिवस लिहिण्यात कमी आणि वाचण्यात जास्त जातो. सकाळी स्वतःचा पेपर, मग कोल्हापूर-पुण्याचे, मग कन्नड, मग एखादा इंग्रजी. दुपारी बैठक. तिथे बातमीदार आज काय आहे ते सांगतात आणि संपादक विषय ठरवतो. कधी विषय आपोआप ठरलेला असतो, कधी तीन विषय समोर असून एकातही जीव नसतो. मग फोन. खानापूरच्या वार्ताहराला, एखाद्या निवृत्त तहसीलदाराला, वकिलाला, शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्याला. चारच्या सुमारास लिहायला बसले की साताच्या आत मजकूर हातावेगळा व्हायला हवा, कारण संपादकीय पान लवकर छपाईला सोडावे लागते. रात्री पहिल्या पानाची झुंबड असते आणि लांबच्या गावांची डाक आवृत्ती आधी छापायला जाते. पान सोडल्यावर साडेआठला कोर्टाची किंवा मंत्रिमंडळाची बातमी फिरली की मधले दोन परिच्छेद काढून तेवढ्याच ओळींचे नवे बसवायचे. तिथे अनुभव कामाला येतो.

आता एक नमुना जवळून पाहू. समजा, खानापूर तालुक्यातल्या एका गावात जमिनीच्या नोंदींबाबत आक्षेप मागवणारी नोटीस फक्त कन्नडमध्ये लागली. गावात बहुसंख्य मराठी. कुणाला ती कळली नाही आणि मुदत टळली. नवखा लेखक पहिले वाक्य लिहितो, 'प्रशासनाने पुन्हा एकदा मराठी भाषिकांचा गळा घोटला आहे.' हे वाक्य कालच्या अग्रलेखात चालले असते आणि परवाच्यातही चालेल. आजच्या नोटिशीबद्दल त्यात काहीच नाही. ज्येष्ठ माणूस ते खोडतो आणि विचारतो: नोटीस काढली कुणी? तारीख कोणती? आक्षेपाला किती दिवस होते? किती कुटुंबांची जमीन त्यात आहे? ही उत्तरे मिळाली की मजकूर बदलतो. साधारण असा होतो: 'भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ ते २० टक्के असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे केंद्राने १९५६ च्या निवेदनातच म्हटले आहे. तहसीलदारांनी ही नोटीस मराठीतून पुन्हा काढावी आणि आक्षेपाची मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजावी.' यात आरडाओरडा नाही, पण तहसीलदाराला उत्तर द्यावे लागेल असे काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी गावातला कुणी हे कात्रण अर्जाला जोडू शकतो. अग्रलेखाचा असा उपयोग झालेला मला सर्वांत जास्त आवडतो.

याच कारणाने इथल्या अग्रलेखकाराला राज्यघटनेतली काही कलमे तोंडपाठ असतात. ३५० अ म्हणजे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय, ३५० ब म्हणजे भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे ज्या वर्षी सीमा आखल्या गेल्या त्याच वर्षी. सीमावादावरच्या महाजन आयोगाचे आकडेही हाताशी लागतात. माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला. त्यात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ कर्नाटकाला द्यावीत असे सुचवले होते. बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने तो नाकारला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यात मागणी आहे ८६५ गावांची. या आकड्यांत एकाची जरी गल्लत झाली तरी सकाळी सातपासून फोन सुरू होतात, आणि व्हायलाच हवेत.

सीमाप्रश्नात बाजू कोणती हे निदान ठरलेले असते. खरी कसोटी म्हादईच्या पाण्यावर लिहिताना लागते. नदी खानापूर तालुक्यात उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. कळसा नाला कणकुंबीजवळचा. त्याचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडकडची तहान भागवायची, ही कर्नाटकाची योजना. पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले, आणि तिन्ही राज्ये त्यावर समाधानी नाहीत. आता बेळगावात छापल्या जाणाऱ्या मराठी पेपरचा वाचक बघा. एक गोव्यातल्या साखळीत किंवा पणजीत बसलेला, ज्याला एक थेंबही वळवलेला नको. एक कणकुंबीचा, ज्याच्या रानात कालव्याची खोदाई झाली आणि ज्याला कुणी विचारले नाही. एक बेळगाव शहरातला, ज्याच्या नळाला राकसकोप आणि हिडकल धरणांचे पाणी येते आणि उन्हाळ्यात आठवड्यातून मोजकेच दिवस येते. तिघेही मराठी. तिघांचेही म्हणणे खोटे नाही. भाषेच्या बाजूने उभे राहायची सवय झालेल्या लेखणीला इथे एकदम कळते की आपल्याच वाचकांत तट आहेत.

अशा वेळी दोन सोप्या वाटा असतात. सर्वांना थोडे थोडे बरे वाटेल असे गुळगुळीत लिहायचे, किंवा ज्या आवृत्तीचा खप जास्त तिच्या बाजूने लिहायचे. दोन्ही मला नापसंत आहेत. इथेही आपण मागणीवर यावे. खोदाईचे पर्यावरण परवाने कुठवर आले आहेत, कणकुंबीच्या विहिरींवर काय परिणाम झाला याची मोजणी कोण करते, ती लोकांपुढे का येत नाही, हे प्रश्न पणजी, कणकुंबी आणि बेळगाव या तिन्ही ठिकाणच्या वाचकाचे आहेत. त्यांची उत्तरे मागणारा अग्रलेख कुणालाच पूर्ण खूश करत नाही, पण तिघांनाही तो शेवटपर्यंत वाचावा लागतो.

भावनेचा जोर सर्वांत जास्त असतो तो ठरावीक तारखांना. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांसाठी १ जून, १ नोव्हेंबरचा काळा दिन. या दिवसांचे अग्रलेख दरवर्षी लिहावे लागतात, आणि दरवर्षी नवे काय लिहायचे हा प्रश्न असतोच. जाणते लोक वर्षभर फाइल ठेवतात: या वर्षी दाव्याच्या किती तारखा लागल्या, किती मराठी शाळांचे वर्ग पटाअभावी मिटले, कुठला फलक बदलला. मग अग्रलेख श्रद्धांजलीच्या पलीकडे जातो. डिसेंबर हा वेगळाच महिना. सुवर्ण विधानसौध २०१२ मध्ये उभे राहिल्यापासून कर्नाटकाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात भरते. त्याच सुमारास नागपुरात महाराष्ट्राचे भरते. इकडे महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा आणि त्यावरची बंदी, तिकडे ठराव. दोन्हीकडचे पुढारी एकमेकांना ऐकवत असतात आणि मधल्या पट्ट्यातल्या एसटी बंद होतात. अशा आठवड्यात लिहिणाऱ्याने प्रवाशांची आठवण ठेवली तरी पुष्कळ.

कायद्याचेही जरा सांगायला हवे, कारण सही नाही म्हणजे जबाबदारी नाही असा गैरसमज फार आहे. अंकावर बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचे नाव असते. ते छापणे १८६७ च्या कायद्याने बंधनकारक केले. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला. अग्रलेख कुणीही लिहिलेला असो, खटला भरला की आधी त्या नावाचा माणूस कोर्टात जातो. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे ३५६ वे कलम आहे. लोकसेवकाच्या सार्वजनिक वागणुकीवर सद्भावनेने केलेले मतप्रदर्शन त्यातून वगळले आहे, आणि अग्रलेखाचा सगळा डोलारा त्या एका अपवादावर उभा आहे. सीमाभागात जास्त भान ठेवावे लागते ते १९६ व्या कलमाचे. दोन गटांत वैर वाढवण्याबद्दलच्या या कलमात धर्म-जातीबरोबर भाषेचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. जुलै २०१४ मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक हटवला गेला आणि गावात लाठीमार झाला, त्या रात्री लिहिणाऱ्याच्या मनात काय उसळले असेल ते सांगायला नको. पोलिसांच्या कारवाईवर कितीही कडक लिहिता येते. शेजारच्या गल्लीतल्या कन्नड कुटुंबावर एक शब्द घसरता कामा नये. ही मर्यादा मी फक्त कायद्याच्या भीतीने सांगत नाही. ते कुटुंबही याच गावचे आहे, आणि त्यातले बरेच जण आपला पेपर वाचतात.

या कामात शिरायचे कसे? थेट भरती होत नाही. बहुतेक जण गावचा वार्ताहर म्हणून सुरुवात करतात, नाममात्र मानधनावर. मग डेस्कवर उपसंपादक. तिथे वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायच्या, मथळे द्यायचे, पान लावायचे. पुढे मुख्य उपसंपादक, सहसंपादक. अग्रलेख पहिल्यांदा हाती येतो तो बहुधा संपादक रजेवर असताना, आणि तोही आधी स्फुटापासून. लहान पेपरात मालकच संपादक असतो. तेव्हा त्याच्या मनातले ओळखून लिहिणारा एक सहायक वर्षानुवर्षे पडद्यामागे राहतो.

१९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची व्याख्या केली, तेव्हा त्यात संपादकाच्या पाठोपाठ अग्रलेखकाराचा वेगळा उल्लेख केला. पत्रकारांच्या पगाराबाबतच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या. पण जिल्हा पातळीवरच्या वृत्तपत्रांत अनेकांची नेमणूक कंत्राटावर असते आणि ते दर कागदावरच राहतात. शाळामास्तराइतका पगार मिळाला तरी तो नशीबवान समजला जातो. इतके वाचन, इतकी जोखीम आणि हे मोल, याची मला मनापासून चीड येते. दुसरा ताण जाहिरातींचा. गावोगावच्या पतसंस्था, शिक्षणसंस्था, बांधकाम व्यावसायिक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यांवर जिल्ह्याचा पेपर चालतो. एखाद्या पतसंस्थेत ठेवीदारांचे पैसे अडकले असताना त्यावर अग्रलेख लिहिला की जाहिरात विभागातून विचारणा येते. कणखर संपादक ती स्वतःवर घेतो आणि लिहिणाऱ्यापर्यंत पोचू देत नाही. असा संपादक मिळणे हे या नोकरीतले मोठे भाग्य.

आणि वाचकांचे फोन. भाषेवरच्या एका अग्रलेखानंतर चिकोडीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला होता. "साहेब, लिव्हलासा झ्याक. पर आमच्या उसाचं बिल कवा मिळायचं, त्ये बी लिवा की एकदा." दुसऱ्या दिवशीचा विषय त्यांनीच दिला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. हा नियम छापल्यावर आणखी चार गावांतून फोन आले, कारण व्याजाचे कुणी कधी सांगितलेच नव्हते.

निवृत्तीनंतर या माणसांचे नाव लोकांना कळते ते गावच्या साहित्य संमेलनांत. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कारदगा इथे ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, आणि एखाद्या सत्राला जुन्या अग्रलेखकाराला पाहुणा म्हणून बोलावतात. सूत्रसंचालक ओळख करून देतो तेव्हा मंडपातले लोक चमकून बघतात, कारण या हाताचे त्यांनी इतकी वर्षे वाचलेले असते आणि चेहरा कधी पाहिलेला नसतो.

नव्या मुलामुलींना मी एकच सुचवतो: आधी वाचकांच्या पत्रांचे सदर मागून घ्या. कुणाला ते नको असते, त्यामुळे लगेच मिळते. रोज येणारी पत्रे वाचायची, शंभर शब्दांत बसवायची, नाव-गाव तपासायचे. हेस्कॉमचे वाढीव बिल, बंद पडलेली बस, दाखला अडवणारा कारकून, शाळेतला शिक्षकांचा तुटवडा, सगळे तिथे येते. सोबत एक वही ठेवून कोणती तक्रार कोणत्या खात्याकडे जाते आणि त्या खात्याचा नियम काय, एवढे लिहीत जायचे. संपादक रजेवर जाईल त्या दिवशी ती वही टेबलावर असली पाहिजे.